कोयता चालवण्याआधी

दसरा-दिवाळी झाली, की आपल्या बीड जिल्ह्यातली गावं रिकामी होऊ लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर या भागांतून टोळ्या निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीला जातं, कोणी बेळगावकडं. उन्हाळा लागेपर्यंत मुक्काम उसाच्या फडात. आम्ही शाळेत होतो तेव्हा या दिवसांत हजेरीपटावरची कितीतरी नावं गैरहजर पडायची.

मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरी टनावर मिळते. वर घेतलेली उचल फेडायची असते. म्हणून फडात पाऊल पडलं, की सपासप तोड सुरू होते. थांबायला सवड कुणाला? पण मंडळी, आम्हांला इथंच थोडं बोलायचं आहे.

एक गोष्ट सांगतो. आमच्या शाळेतली एक मुलगी मार्च महिन्यात गावी परतली. जाताना तिच्या कडेवर धाकटा भाऊ होता. येताना कडेवर कोणी नव्हतं. पहाटेची वेळ, गाडी भरायची घाई. आईनं लेकरू पाचटावर निजवलं, वर गोधडी घातली. अंधारात ट्रॅक्टर मागं आला. चालकाला वाटलं, पाचटाचाच ढीग आहे. त्या मुलीनं आम्हांला एवढंच विचारलं, "गुरुजी, आधी कोणी बघितलं असतं तर?"

तिचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. म्हणून हा धडा.

काम सुरू करण्याआधी सगळ्या टोळीनं दहा मिनिटं थांबावं आणि हाताची चार बोटं मोजावीत.

पहिलं बोट भुईचं. फडाला एक फेरी मारा. विहीर कुठं आहे, चर कुठं आहे, मोटारीची तार कुठून गेली आहे, हे मालकाला विचारा. तार उघडी दिसली, तर वीज बंद झाल्याशिवाय तिकडं जाऊ नका. लांब काठीनं पाचट हलवा. हादरा बसला, की साप बहुधा वाट सोडतो. जुन्नर भागात बिबट्याची मादी उसातच पिलं घालते. पिलं दिसली तर हात लावू नका. मागं सरा आणि वनखात्याला कळवा. आई जवळपासच असते.

दुसरं बोट कोयत्याचं. मूठ हलते का, ते पाहा. बोथट कोयत्याला जोर जास्त लागतो. तो उसावरून घसरतो आणि नडगीवर येतो. धार लावूनच कामाला लागा. हात लांब करून फिरवला तरी शेजाऱ्याला पातं लागणार नाही, एवढं अंतर ठेवा. पायात बूट घाला. तोडलेल्या उसाची खोडकी चपलेतून पायात घुसते.

तिसरं बोट गाडीचं. मोळी डोक्यावर घेऊन ज्या फळीवरून चढायचं, ती दवानं ओली झाली असेल तर पुसून घ्या. चाकाला दगड लावा. वर विजेच्या तारा लोंबत असतील, तर तिथं गाडी भरू नका. गाडी मागं घेताना एका माणसानं बाजूला, चालकाला दिसेल असं उभं राहावं. त्यानं हाक दिल्याशिवाय चाक हलू नये.

चौथं बोट लेकराचं. लेकरू कुठं निजणार, हे आधी ठरवा. जागा गाडीच्या वाटेपासून दूर, बांधापलीकडं हवी. जवळ एक जाणतं माणूस हवं.

रात्री कोपीतही सावध राहा. मण्यार रात्री हिंडतो आणि भुईवर निजलेल्या माणसाला चावतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पोटात दुखतं, पापण्या जड होतात. शक्य तर बाजेवर निजा. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचा.

साप चावलाच, तर जखम कापू नका, चोखू नका, दोरीनं आवळू नका. मांत्रिकाकडं वेळ घालवू नका. माणसाला चालू देऊ नका. १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून ती तयार करतात. सर्पदंश हा मुख्यतः खेड्यातल्या गरीब माणसाच्या वाट्याला येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली तो दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातला.

आता राहिला अंगठा. अंगठा म्हणजे बोलणं. बोटं धोका दाखवतील, पण तोंड उघडलं नाही तर काय उपयोग? मुकादम म्हणेल, "वेळ जातो." त्याला हिशेब सांगा. दहा मिनिटांत थोडा ऊस कमी तुटेल. पण एकाचा हात कापला, तर सबंध कोयता बसतो. दोघांचं काम बंद पडतं, उचल मात्र डोक्यावर राहते. बायांनीही बोलावं. मोळ्या बांधताना, वाहताना पुष्कळ धोके आधी त्यांच्याच नजरेला पडतात.

अभ्यास: पाटी घ्या. भुई, कोयता, गाडी, लेकरू हे चार शब्द लिहा. मग ते कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून कोपीच्या दाराशी लावा. रोज पहाटे टोळीतल्या एकानं ते मोठ्यानं वाचावेत. आज एकाची पाळी, उद्या दुसऱ्याची. वाचून झालं, की फडाला फेरी. मगच कोयता.