दुकानाच्या संगणकातील अमानत : फाइल लपविणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे

वाडवडिलांच्या काळी दुकानाची खतावणी कपाटात असे आणि कपाटाची किल्ली मालकाच्या कमरेला. आज ठाण्याची राबोडी, मुंब्रा-कौसा, कल्याणचा दूधनाका किंवा डोंबिवली एमआयडीसीतील गाळा, कोठेही जा, खतावणी संगणकात गेली आहे. किल्ली मात्र कोणाच्याच कमरेला नाही. त्याच संगणकावर दुपारी मुनीम टॅली भरतो, संध्याकाळी पुतण्या गेम खेळतो, आणि बिघाड झाला की तोच संगणक दोन दिवस दुरुस्तीवाल्याकडे पडून राहतो.

त्यात असते काय? पार्ट्यांचे भाव, उधारी, पैसे मोजून पंचिंग करून घेतलेली एम्ब्रॉयडरीची डिझाइन्स, झेरॉक्सच्या दुकानात तर गिऱ्हाइकांची आधार आणि पॅन कार्डे. भाव फुटला तर नुकसान आपले. गिऱ्हाइकाचे कागद फुटले तर नुकसान त्याचे आणि जबाबदारी आपली. ही अमानत आहे. सूरह निसाच्या ५८व्या आयतीत अमानती हक्कदारांच्या स्वाधीन करण्याचा हुकूम आहे, हे आपण जाणताच.

पुष्कळजण फोल्डर 'हिडन' करून निश्चिंत होतात. पण 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'हिडन आयटम्स'वर खूण केली की तो लगेच दिसतो. सुरुवातीला विचारला जाणारा पासवर्डही अपुराच. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तर साध्या डिस्कवरील सर्व फाइली वाचता येतात. म्हणून पुढील पाच गोष्टी कराव्यात.

१) प्रत्येकाचे खाते वेगळे. मालकाचे खाते 'ॲडमिनिस्ट्रेटर', मुनीम आणि मुलांची 'स्टँडर्ड'. मग एकाच्या 'डॉक्युमेंट्स'मधील कागद दुसऱ्या स्टँडर्ड खात्यातून उघडत नाहीत. नमाजला किंवा चहाला उठताना विंडोजची कळ आणि 'एल' एकत्र दाबावी. पडदा बंद होतो.

२) डिस्कला कुलूप. विंडोजच्या 'प्रो' आवृत्तीत 'बिटलॉकर' असते. 'होम' आवृत्तीच्या काही यंत्रांत 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' मिळते. यामुळे चोरीला गेलेल्या किंवा काढून नेलेल्या डिस्कवरचा मजकूर वाचता येत नाही. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घरी ठेवावी. मात्र संगणक चालू असताना समोर बसलेल्याला हे कुलूप अडवीत नाही, म्हणून पहिली गोष्ट हवीच.

३) मोलाच्या फाइलीला स्वतंत्र कुलूप. एक्सेलमध्ये 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' निवडावे. 'प्रोटेक्ट शीट'ने फक्त खाडाखोड अडते, वाचणे अडत नाही. संपूर्ण फोल्डरसाठी 'सेव्हन-झिप' हा मोफत प्रोग्राम आहे; त्यात पासवर्ड घालून गठडी बांधावी, ती उघडते याची खात्री करावी आणि मगच मूळ उघडा फोल्डर काढून टाकावा. टॅलीत 'टॅलीव्हॉल्ट'ची सोय आहे. तिचा पासवर्ड विसरल्यास हिशेब पुन्हा उघडत नाही, हे ध्यानात ठेवावे.

४) नक्कल. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण परिसरातील तळमजल्यांत पाणी शिरले. पाण्यात बुडालेला हिशेब कोणताही पासवर्ड परत देत नाही. आठवड्यातून एकदा नक्कल वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी, तिलाही कुलूप लावावे आणि ती दुकानाबाहेर, वरच्या मजल्यावर ठेवावी.

५) दुरुस्ती आणि विक्री. 'डिलीट' केलेली फाइल तिच्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत अनेकदा परत काढता येते. जुना संगणक विकताना डिस्क काढून घेणे उत्तम. दुरुस्ती शक्यतो समोर बसून करून घ्यावी. गिऱ्हाइकाचे काम झाले की त्याची आधारची प्रत ठेवूच नये. जी फाइल आपल्याकडे नाही ती फुटणारही नाही.

एवढे करूनही कोणी चोरून शिरलाच, तर कायदा आपल्या बाजूने आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकातील माहिती घेतल्यास नुकसानभरपाई द्यावी लागते. हे कृत्य लबाडीने केले असल्यास कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

शेवटी एक गोष्ट, जी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. कुलूप इतके पक्के होते की मालकाचा इंतकाल झाल्यावर घरच्यांनाही ते उघडत नाही. आपल्या शरीअतमध्ये मय्यतीचे कर्ज फेडल्याशिवाय वारसांत वाटणी होत नाही. कर्जाची नोंदच बंद फाइलीत अडकली तर वारसांनी ते फेडावे कसे, आणि आपली येणी वसूल करावी कशी? सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. लिहिलेले वाचता आले नाही तर लिहूनही उपयोग होत नाही. म्हणून पासवर्ड एका बंद लिफाफ्यात घालून घरच्या कपाटात ठेवावा, आणि तो कोठे आहे हे पत्नीला किंवा एका भरवशाच्या वारसाला सांगून ठेवावे.

हे काम एका जुम्याच्या सुट्टीत उरकते. आजच सुरुवात करा. अल्लाह आपल्या कारोबारात बरकत देवो आणि आपल्याला अमानतदार बनवो. आमीन.