दुखणे दिसण्याआधीची तपासणी



आमचे खाते उसाचे, तेव्हा बायकांच्या आजारावर आम्ही काय लिहिणार, असे काहींना वाटेल. पण हरसूल भागात फिरताना भाताच्या आवणीपासून उसाच्या खुरपणीपर्यंत निम्म्याहून जास्त काम बायाच करताना दिसतात. दवाखान्याचे नाव काढले की उत्तर एकच, "दुखत नाही, मग कशाला जायचं?"

गवताळ वाढीचा रोग आठवा. बेण्याची कांडी वरून चांगली दिसते, रोग आत असतो. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सरही असाच सुरुवातीला काही दाखवत नाही. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेकींच्या अंगातून एक-दोन वर्षांत आपोआप जातो. यात चारित्र्याचा प्रश्न नाही. काहींच्या अंगात तो ठाण मांडतो आणि कॅन्सर व्हायला बहुधा १५ ते २० वर्षे लागतात. हाच आपल्या हातातला वेळ.

आपण नवे वाण चाचणी प्लॉट घेऊन पारखतो. तशीच चाचणी आपल्याच राज्यात झाली. १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया घेतल्या. गावांचे ५२ समूह करून चार गट पाडले. एका गटाला एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याला पॅप तपासणी, तिसऱ्याला व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी, चौथ्याला फक्त माहिती. ज्यांच्यात दोष निघाला त्यांच्यावर पुढचे उपचार झाले.

निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. आठ वर्षांत चौथ्या गटातील ३१,४८८ बायांपैकी ६४ या कॅन्सरने दगावल्या. एचपीव्ही गटातील ३४,१२६ पैकी ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. विषाणू न आढळलेली एकही बाई त्या काळात या कॅन्सरने गेली नाही. बाकीच्या दोन तपासण्या एकदाच करून मृत्यूत म्हणावी तशी घट दिसली नाही. मात्र मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने व्हिनेगरची तपासणी दर दोन वर्षांनी चार वेळा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे साधी तपासणीही फुकट जात नाही, फक्त ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

आता भीतीबद्दल. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचे उघड झाले आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" या धाकाने कित्येक बाया टेबलावर गेल्या. विषाणू सापडला म्हणजे कॅन्सर झाला, असे नव्हे. आधीची खराबी असेल तर तेवढाच भाग गोठवून किंवा शेक देऊन बरा करता येतो. बहुतेक वेळा त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही. तपासणीशिवाय कोणी पिशवी काढायला सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरला जरूर विचारा.

सबब सभासदांस आमची विनंती :

१) घरातील ३० वर्षांवरील प्रत्येक बाईची तपासणी करून घ्या. कोणती तपासणी होते, हे हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा आशाताईंना विचारा.

२) संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसले, तर तपासणीची वाट न पाहता डॉक्टर गाठा.

३) ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी प्रतिबंधक लस आहे, तिची चौकशी करा.

४) आपल्या फडावर येणाऱ्या तोडणीच्या बायांना एक दिवस मोकळा द्या, आणि त्या दिवसाची मजुरी कापू नका.

बेणे तपासायला आम्ही तुमच्या बांधावर येतो. ही तपासणी मात्र घरच्या कारभाऱ्याने मनावर घेतल्याशिवाय होणार नाही.

— ऊस विकास अधिकारी