नेजला आतेश : नाव, नृत्य आणि रूपांतर

साहित्यकृतीचे नाटकात किंवा चित्रपटात रूपांतर होते, तेव्हा अभ्यासकाचे लक्ष साहजिकच शब्दांकडे असते. कोणते संवाद गाळले, कथानक कसे आवळले, शेवट का बदलला, हे प्रश्न आपण विचारतो. परंतु जिने केवळ देहाने बोलावे अशी अपेक्षा असते, त्या नर्तकीची दखल या चिकित्सेत क्वचितच घेतली जाते. तुर्की नर्तकी व चित्रपट-अभिनेत्री नेजला आतेश हिची कारकीर्द या दृष्टीने उद्बोधक आहे.

तिचा जन्म १९३२ साली रोमानियातील क्रिमियन तातार समाजात झाला. ‘नेजला आतेश’ हे तिने कलाजीवनात धारण केलेले नाव. ‘नेजला’ हा शब्द मूळ अरबी, अर्थ विशालनयना. ‘आतेश’ म्हणजे अग्नी. फारसीतून तुर्कीत गेलेला हा शब्द आपल्या ‘आतषबाजी’तही आहे. तिच्या नृत्यप्रकाराला तुर्की भाषेत ‘ओर्यांताल’ असेही म्हणतात. ‘पौर्वात्य’ या अर्थाचा हा शब्द फ्रेंचमधून आला. घरच्या नृत्याला पश्चिमेच्या नजरेतून मिळालेले नाव घरातही रुळावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

अमेरिकेत तिच्या वाट्याला आलेल्या कामांमागे थोर साहित्याची सावली दिसते. ‘किंग रिचर्ड अँड द क्रुसेडर्स’ (१९५४) हा चित्रपट वॉल्टर स्कॉटच्या ‘द टॅलिस्मन’ (१८२५) या कादंबरीवर आधारलेला आहे. ‘सन ऑफ सिंदबाद’मध्ये (१९५५) अरबी कथांतील सिंदबादचा पुत्र आणि कवी उमर खय्याम एकत्र येतात. दोन्ही चित्रपटांत नेजला नर्तकीच आहे.

‘फॅनी’ ही संगीतिका ४ नोव्हेंबर १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या मॅजेस्टिक नाट्यगृहात सुरू झाली व तिचे ८८८ प्रयोग झाले. मार्सेल पान्योलच्या ‘मारियुस’, ‘फॅनी’ आणि ‘सेझार’ या तीन कृती तिच्यात एकवटल्या होत्या. मार्सेय बंदरातील तरुण मारियुसला समुद्राची अनिवार ओढ आहे. पान्योल ही ओढ संवादांतून उलगडतो. संगीतिकेत दूरच्या किनाऱ्यांचे आकर्षण नृत्यातूनही मूर्त होते. नेजलाची भूमिका ‘अरब नर्तकी’ एवढ्याच शब्दांत नोंदलेली आहे. तातार कुळातील, रोमानियात जन्मलेली तुर्की कलावती येथे अरब ठरली. भूमिकेला स्वतःचे नाव मात्र मिळाले नाही. निर्माता डेव्हिड मेरिक याने तर जाहिरातीसाठी तिचा विवस्त्र पुतळाच सेंट्रल पार्क उद्यानात नेऊन उभा केला.

नेजला ही केवळ परिस्थितीची बळी होती, असा निष्कर्ष काढणे तिच्या कलेवर अन्याय करणारे होईल. अनोळखी भाषेच्या रंगभूमीवर तिने आपल्या नृत्याच्या बळावर स्थान मिळविले. मात्र ‘पूर्व’ या कल्पनेत तातार, तुर्क आणि अरब यांतील भेद किती सहज विरघळतात, हे तिच्या भूमिकांवरून स्पष्ट होते. मुद्रित संहिता नर्तकीसाठी एखादी रंगसूचना ठेवते. पदन्यास, श्वास आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद तिच्या पानांबाहेर राहतात. म्हणून रूपांतराच्या अभ्यासकाने पात्रसूचीतील निनावी भूमिकाही वाचावयास हवी. संहितेने कोणाला बोलू दिले नाही, हे पुष्कळदा तेथेच कळते.