बाबांची गाडी, अर्धा देश आणि चाळीस हजार

प्रश्न : माझे वडील मागच्या नोव्हेंबरात गेले. त्यांची 2018 ची पेट्रोल गाडी अंगणात उभी आहे. मी नागपूरला आईजवळ असते, धाकटा भाऊ पुण्यात नोकरी करतो. दिवाळीच्या सुट्टीत याच गाडीने नागपूर ते कन्याकुमारी जाऊन यायचं आम्ही दोघांनी ठरवलंय. अकरा दिवस, दहा मुक्काम. भावाच्या हिशेबाने 40 हजारांत सगळं बसतं. गाडी अजून बाबांच्याच नावावर आहे. मार्चमध्ये विम्याची मुदत संपली, तेव्हा भावाने तो ऑनलाइन बाबांच्याच नावाने भरला. ओटीपी बाबांच्या मोबाईलवर येतो, म्हणून तो नंबर मी रिचार्ज करत राहते. आई म्हणते, आधी नाव बदला. भाऊ म्हणतो, आरटीओचं लचांड आल्यावर बघू. कोणाचं ऐकू? बजेट बरोबर आहे का? भावाचा पगार माझ्यापेक्षा बराच कमी आहे, तर खर्च कसा वाटायचा? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आईचं ऐका. बजेटचं नंतर बघू, कारण आज ज्या अवस्थेत गाडी आहे त्या अवस्थेत ती बुटीबोरीपर्यंत नेणंसुद्धा महागात पडू शकतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 मध्ये याची सोय आहे. मालक गेल्यावर ज्याच्या ताब्यात गाडी येते त्याने 30 दिवसांत आरटीओला मृत्यूची बातमी आणि गाडी वापरण्याचा इरादा कळवायचा. तसं कळवलं तर तीन महिने ती जणू आपल्याच नावावर झाल्यासारखी वापरता येते आणि त्याच तीन महिन्यांत नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. तुमची ही मुदत फेब्रुवारीतच संपली. घाबरू नका, उशिरा गेलेल्यांचे अर्जही आरटीओ घेतं. उशिराचा भुर्दंड पडेल, पण तो अपघातानंतर पडणाऱ्या भुर्दंडाच्या पासंगालाही पुरणार नाही.

खरी मेख विम्यात आहे. नेहमीच्या मोटार पॉलिसीत एक अट असते, ती बहुतेक कोणी वाचत नाही. पॉलिसीधारक गेला तर पॉलिसी लगेच रद्द होत नाही. मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत ती चालू राहते. तेवढ्या काळात वारसांनी ती आपल्या नावावर करून घ्यायची. म्हणजे नोव्हेंबरपासून मोजलं तर भावाने मार्चमध्ये पैसे भरले त्याच्या आधीच जुनी पॉलिसी निकालात निघाली होती. आणि नवी काढली ती कोणाच्या नावाने? जो माणूस करार करायला हयात नाही त्याच्या. हप्ता कंपनीने घेतला, कारण ओटीपी बरोबर होता. आपल्याकडे माणूस गेला तरी त्याचा ओटीपी येत राहतो. पण उद्या अनंतपूरजवळ गाडी ट्रकच्या मागच्या बाजूला घुसली, तर दाव्याच्या अर्जासोबत पहिला कागद मागतील तो मालकाच्या सहीचा. तिथे दावा नाकारायला कंपनीला दुसरं कारण शोधावं लागणार नाही.

आणखी एक गोष्ट. पॉलिसीबरोबर मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घ्यावा लागतो. तो मिळतो नोंदणीकृत मालकाला, तोही वैध लायसन्स असताना. आज कागदावर मालक तुमचे बाबा आहेत. म्हणजे स्टिअरिंगवर तुम्ही असा की भाऊ, हे 15 लाख दोघांनाही नाहीत. नाव बदलल्यावरही ते फक्त ज्याच्या नावावर गाडी असेल त्याला. म्हणून नवी पॉलिसी घेताना अनामित प्रवाशांसाठीचं जादा संरक्षण मागून घ्या, आणि दुसरं भावंड चालवत असताना त्याला काय मिळेल हे कंपनीला ईमेलवर विचारा. फोनवरच्या गोड आवाजाचा पुरावा होत नाही.

आता गाडी कोणाच्या नावावर, हा तुम्ही न विचारलेला प्रश्न. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल (आणि बाबांची आई हयात नसेल) तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि भाऊ, तिघेही पहिल्या वर्गाचे वारस, तिघांचा वाटा सारखा. गाडी एकाच्या नावावर करायला बाकीच्या दोघांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. वारसाच्या नावे हस्तांतरणाचा अर्ज नमुना 31 मध्ये करतात. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, चालू विमा आणि पीयूसी. कर्जाचा बोजा आरसीवर राहून गेला असेल तर बँकेचं ना हरकत प्रमाणपत्र घेऊन तोही याच फेरीत उतरवा. आरटीओला चालू विमा लागतो आणि विमा कंपनी आधी आरसी मागते, या चक्रात लोक अडकतात. आधी कंपनीकडे जा. मृत्यूचा दाखला आणि वारसांची पत्रं देऊन वारसाच्या नावाने पॉलिसी मागा, अर्जाची पोच घ्या. तेव्हाच नो क्लेम बोनसबद्दलही विचारा. एरवी बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. पण मालक गेल्यावर गाडी पती-पत्नी, मुलं किंवा आईवडील यांच्याकडे आली तर तो त्यांना देता येतो. बाबांनी बरीच वर्षं दावा केला नसेल तर ही सवलत 50 टक्क्यांपर्यंत असू शकते. ती सोडू नका.

माझं मत विचाराल तर जिथे गाडी राहणार तिथल्या माणसाच्या नावावर ती करा. नागपुरात राहणार असेल तर तुमच्या, पुण्याला जाणार असेल तर भावाच्या. मात्र ज्याच्या नावावर होईल त्याने बाकीच्या दोघांच्या वाट्याचं काय, हे त्याच दिवशी साध्या कागदावर लिहून ठेवावं. समजा गाडीची आजची किंमत 2 लाख 40 हजार, तर एकेकाचे 80 हजार. सोडून दिले तर दिले असं लिहा, द्यायचे असतील तर कधी ते लिहा. आणि एक लक्षात आलं का? गाडीचा तिसरा हिस्सा आईचा आहे, मागची सीट रिकामी आहे, आणि ‘येतेस का’ असं तिला कोणी विचारलेलं पत्रात तरी दिसत नाही.

फास्टॅगही याच माळेतला. टॅगचं खातं बाबांचं, केवायसी बाबांची. आरसीवर नाव बदललं की तो बंद करून नवा घ्या. खासगी मोटारींसाठी 15 ऑगस्ट 2025 पासून वार्षिक पास निघाला. सुरू झाला तेव्हा 3000 रुपयांत एक वर्ष किंवा 200 फेऱ्या, यातलं जे आधी संपेल ते. नाका ओलांडला की एक फेरी. नागपूर-कन्याकुमारी एकेरी प्रवासातच नाक्यांची बेरीज दोन हजारांच्या पुढे जाते, त्यामुळे जाऊन-येऊन पास वसूल होतो. पण तो त्या टॅगला आणि गाडीला बांधलेला असतो, दुसरीकडे हलवता येत नाही. बाबांच्या टॅगवर घाईने पास घ्याल तर टॅग बंद करताना तो पासही जाईल. शिवाय तो फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. हैदराबादचा आउटर रिंग रोड किंवा बंगळुरूचा नाइस रोड धरलात तर तिथला टोल वेगळा कापला जाईल, म्हणून खात्यात पाचशे रुपये ठेवा. टॅग चाललाच नाही तर नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या नियमाने रोखीला दुप्पट आणि यूपीआयला सव्वापट दर ठरला होता.

आता चाळीस हजार. तुमचा रस्ता सरळ आहे, आपला जुना सात नंबर, आजचा राष्ट्रीय महामार्ग 44 : पांढरकवडा, आदिलाबाद, हैदराबाद, कुर्नूल, अनंतपूर, बंगळुरू, सेलम, मदुराई, तिरुनेलवेली. एकेरी सुमारे 1750 किलोमीटर. शहरांतली भटकंती धरून एकूण 4000 धरू. सामान भरलेली, एसी चालू असलेली गाडी लिटरला 16 देईल असं माना. शोरूमवाल्याने सांगितलेला आकडा विसरा. 250 लिटर, 105 ने 26,250. टोल 3500. दहा मुक्काम, दीड हजाराने 15,000. दोघांचं जेवण-चहा रोजचे 1100 धरून 12,100. बेरीज 56,850. भावाने बहुधा पेट्रोल आणि मुक्काम धरले आणि वाटेत भूक लागणार नाही असं गृहीत धरलं.

यात निघण्यापूर्वीच्या सर्व्हिसिंगचे सात-एक हजार धरलेले नाहीत. तो गाडीचा खर्च, सहलीचा नव्हे. गाडी ज्याच्या नावावर होईल त्याने तो करावा. टायरही बघा. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. 2318 दिसलं तर तो 2018 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. अंगणात उभ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर आतून वाळलेलं असतं. दिवाळीच्या दिवसांत तमिळनाडूत ईशान्य मोसमी पावसाचा हंगाम असतो. ओल्या रस्त्यावर असे टायर नकोत. आणि 10 हजार वेगळे ठेवा, त्यांना हात लावायचा नाही.

काटकसर कुठे होते? पेट्रोलच्या करात. गेली काही वर्षं तेलंगण आणि आंध्रात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा महाग आहे, कर्नाटक आणि तमिळनाडूत स्वस्त. पांढरकवड्यात टाकी काठोकाठ भरा, पुढे कामापुरतं घाला, आणि पुन्हा पूर्ण टाकी बागेपल्लीला, कर्नाटकात शिरल्यावर. तमिळनाडूत पानावरचं ‘मील्स’ दुपारी पोटभर घेतलं की रात्री इडलीवर भागतं. कन्याकुमारीला विवेकानंद केंद्राच्या परिसरात राहण्याची साधी सोय आहे, आधी नोंदणी करा. समुद्रातलं विवेकानंद स्मारक 1970 मध्ये उभं राहिलं ते एकनाथ रानड्यांच्या चिकाटीमुळे. ते आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, आणि स्मारकासाठी लोकांकडून त्यांनी रुपया-रुपयासुद्धा गोळा केला होता. खर्चाची चणचण कशी हाताळावी हे तिथे गेल्यावर आठवायला हरकत नाही. हजार रुपयांच्या खोल्या मिळवल्या आणि 400 किलोमीटरची भटकंती कमी केली, तर एकूण खर्च 49 हजारांपर्यंत येईल. त्याखाली ओढलंत तर रात्री गाडी चालवून मुक्काम वाचवायचा मोह होईल. तो नको.

हात चाळीसच्या पुढे जातच नसेल तर हंपी करा. हैदराबादमार्गे जाऊन-येऊन 2000 किलोमीटर, सहा दिवस, पाच मुक्काम. वरच्याच हिशेबाने तीसच्या आसपास, आणि राखीव दहा धरून बरोबर चाळीस. कन्याकुमारीच हवी आणि पैसेही नाहीत, तर हिमसागर एक्स्प्रेस नागपूरवरूनच जाते. दोघांना रेल्वे गाडीपेक्षा स्वस्तच पडणार.

वाटणीबद्दल. निम्मं-निम्मं दिसायला न्याय्य असतं, पण कमी पगाराच्या भावाला प्रत्येक चहाला खिसा चाचपायला लावतं. निघण्यापूर्वीच प्रमाण ठरवा, समजा साठ-चाळीस, आणि त्या प्रमाणात कॉन्ट्री काढून पैसे एकाच खात्यात ठेवा. वाटेत सगळं त्यातूनच द्यायचं. कांजीवरम, नवा गॉगल, लॉटरी, हे ज्याचं त्याच्या खिशातून. रोज रात्री खोलीवर पाच मिनिटं डायरीत लिहा. आठव्या दिवशी ‘कुर्नूलला नाश्ता कोणी दिला होता’ यावरून सख्खी भावंडंही अबोला धरतात. पार्किंगचा दंड किंवा वेगाचं ई-चलान ज्याच्या हाती स्टिअरिंग होतं त्याचं. आज मात्र ते चलानही बाबांच्या मोबाईलवर जाईल, म्हणून नाव बदलताना आरसीवरचा मोबाईल क्रमांकही बदलून घ्या.

दोघांचीही लायसन्सं तपासा. मुदत संपल्यावर आता सवलतीचे दिवस नाहीत. आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतं, फक्त वाटेत रेंज नसेल म्हणून एक कागदी संच डिक्कीत नको, डॅशबोर्डमध्ये ठेवा. महामार्गावर मदतीसाठी 1033. अपघात झालाच तर 2025 च्या योजनेप्रमाणे नियुक्त रुग्णालयात सात दिवस, दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचार मिळतात. 112 ला फोन करा.

प्रश्न : बहिणीबरोबर सांगलीहून राजस्थानला जायचं आहे. मित्र त्याची सात सीटची गाडी दिवसाला 1200 रुपये घेऊन द्यायला तयार आहे. एजन्सीपेक्षा निम्म्याने स्वस्त. घेऊ का? – वाचक, सांगली

उत्तर : गाडीची पाटी पांढरी असेल तर नको. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने दिल्यास संरक्षण नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. अपघात झाल्यावर तुमच्या यूपीआयमधली ‘1200’ ही नोंद कंपनीला पुरेशी होईल, आणि अडकेल तुमचा मित्र, कारण गाडी त्याच्या नावावर. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी असते, तिच्यावर पिवळी अक्षरं. मित्राने फुकट दिली तर घ्या, पॉलिसी आणि पीयूसी चालू असल्याचं बघा, टाकी भरून परत करा, आणि येताना त्याच्यासाठी बिकानेरी भुजिया आणा.