नऊ प्रश्नांची खरी उत्तरं

अगं, दवाखान्यात दर खेपेला ते नऊ प्रश्न विचारतात ना, त्यांची उत्तरं तू कशीबशी देऊन मोकळी होतेस, हे त्या दिवशी फोनवर तूच म्हणालीस. "ताई, जवळपास सगळीकडं 'नाही, नाही' म्हनते अन् सुटते. सिस्टर कॉम्प्युटरात टाकते, मंग गोळ्या भेटतात. कोन पायते ते?" तुझ्या सासूबाई जवळच असाव्यात असं वाटलं, म्हणून तेव्हा मी विषय वाढवला नाही. आज सविस्तर लिहिते. निवांत वाच, आणि वाचून झालं की हवं तर पुसून टाक.

नैराश्य मोजायच्या त्या प्रश्नावलीला डॉक्टर मंडळी पीएचक्यू-९ म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहिलं का, कामात जीव लागला का, झोप, भूक, थकवा, स्वतःबद्दल वाईट वाटणं, असे ते प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण आणि सगळी बेरीज जास्तीत जास्त २७. बेरीज ५ च्या आत असली तर काळजीचं फारसं कारण नाही, १० किंवा त्याहून वर गेली की उपचाराचा विचार करावा लागतो, २० किंवा त्याहून वर म्हणजे त्रास तीव्र. पण एका दिवसाच्या आकड्यावरून फार काही ठरत नाही. एकामागून एक आलेले आकडे शेजारी ठेवले की खरं चित्र उमटतं. समज, पहिल्या भेटीत १८, महिन्याने १४, मग ८. गोळी लागू पडली. आणि १८, १७, १८ असं आलं, तर डोस तरी वाढवायला हवा, औषध तरी बदलायला हवं, नाहीतर सोबत समुपदेशन सुरू करायला हवं. रक्तदाब मोजल्याशिवाय बीपीची गोळी कोणी वाढवत नाही, तसंच हे.

तू पहिल्या दिवसापासून ३ नाहीतर ४ बेरीज होईल अशी उत्तरं देत आलीस. मग डॉक्टरांना पडद्यावर काय दिसतं? या बाईला फारसा त्रास नाही, चाललंय ते चालू द्या. रात्री दोनला तू जागी असतेस, भाकरी करताना रडू येतं, माहेरी यायचाही कंटाळा येतो, यातलं काहीच त्या पडद्यावर नाही. बाहेर रांग केवढी असते, तूच पाहतेस. तुझ्या वाट्याला मिनिटं थोडी येतात. डॉक्टरांनी विचारलं "कसं आहे?" की तू म्हणतेस "बरं आहे." आपल्याकडे बायका असंच म्हणतात. फार तर "अंग दुखते, डोकं जड रायते, जीव घाबरते" एवढं सांगतात. मनाचं दुखणं अंगदुखीच्या रूपाने बाहेर येतं आणि पेनकिलर घेऊन बाई घरी जाते. म्हणून तर हे सरळ प्रश्न हवेत. संकोचामुळे जे तोंडातून निघत नाही, ते निदान आकड्यात मांडता येतं.

चीनमध्ये झालेला एक अभ्यास मला फार पटला. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नैराश्याचे १२० रुग्ण, दोन गट, आणि दोन्ही गटांना तीच ठरलेली दोन औषधं. एका गटात डॉक्टर आपल्या अंदाजाने डोस ठरवत होते. दुसऱ्या गटात दर भेटीला त्रास मोजून, त्या आकड्यानुसार. चोवीस आठवड्यांनी अंदाजाच्या गटात २८.८ टक्के लोक आजारातून जवळपास बाहेर आले होते, मोजणाऱ्या गटात ७३.८ टक्के. बघ बाई, औषध तेच होतं. रुग्णाने सांगितलेली माहिती डॉक्टरांसमोर वेळेवर आली, एवढाच फरक. इंग्लंडमध्ये २००८ पासून सरकारी समुपदेशनाच्या प्रत्येक बैठकीत असे आकडे नोंदवले जातात. लाखो लोकांच्या त्या नोंदी एकत्र पाहिल्या, तेव्हा कळलं की जिथे रुग्णाला कमी थांबावं लागतं आणि भेटी कमी चुकतात, तिथे लोक जास्त बरे होतात. नोंदीच नसत्या तर हे कोणाला ठामपणे सांगता आलं असतं?

लांबचं कशाला? आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच लोकांना शिकवून घरोघरी मनाच्या आजाराबद्दल बोलायला लावलं, गरजूंना समुपदेशकापर्यंत आणि डॉक्टरांपर्यंत पोचवलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम ४ जण मदत घेत होते, दीड वर्षात २७ घेऊ लागले. २०१७ मध्ये हे छापून आलं. आधी आणि नंतर मोजलं म्हणून सांगता आलं, नाहीतर "कार्यक्रम चांगला झाला" एवढीच बातमी आली असती. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी सरकारने 'प्रेरणा' प्रकल्प काढला, त्यात आपला वाशीमही आहे. आशाताई प्रश्न घेऊन शेतकऱ्यांच्या दारात जातात ते त्यातूनच. त्यांनाही घरोघरी "सारं बरं हाय" हेच ऐकायला मिळत असेल, तर किती जणांपर्यंत मदत पोचायची राहिली असेल, या विचाराने माझा जीव तुटतो.

आता नववा प्रश्न. तोच लिहिण्यासाठी मी बसले आहे. मरून गेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असं मनात येतं का, हे तो विचारतो. त्याला तू काय उत्तर देतेस, हे मी तुला विचारलं नाही. पण कधी तसं मनात आलं असेल, अगदी एखाद्या दिवशीच आलं असेल, तरी ० सांगू नकोस. पोलिसांची भीती मनातून काढून टाक. मनात विचार येणं हा कुठलाच गुन्हा नाही. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसालाही तीव्र तणावाखाली असल्याचं मानून शिक्षेपासून वाचवावं, त्याची काळजी घ्यावी, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. बेरीज कमी असली तरी या एका उत्तरावर डॉक्टरांनी थांबून बोलायचं असतं. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये अशी नोंद वर येते, गर्दीत हरवत नाही. आणि पुढच्या तारखेपर्यंत वाट पाहायचीही गरज नाही. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर आहे. रात्री-अपरात्री लाव, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्याच्या आधी किंवा नंतर मला लाव. कितीही वाजले असोत.

तुझी दुसरी भीतीही मला माहीत आहे. "कॉम्प्युटरात गेलं म्हंजे साऱ्या गावाले माहीत झालं." ही भीती खोटी नाही. आपलं वाशीम केवढंसं, काउंटरवर कोणीतरी ओळखीचं निघतंच. २०२० मध्ये फिनलंडमध्ये एका मोठ्या मानसोपचार संस्थेच्या हजारो रुग्णांच्या नोंदी चोरणाऱ्याने एकेका रुग्णाला धमकीचे मेल पाठवून पैसे मागितले होते. अमेरिकेत समुपदेशनाच्या एका बड्या अॅपने लोकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिली, म्हणून २०२३ मध्ये त्यांना ७८ लाख डॉलर भरावे लागले. तेव्हा मोबाईलवर दिसेल त्या "मूड टेस्ट"मध्ये नाव-नंबर टाकून उत्तरं देऊ नकोस. जे डॉक्टरांना सांगायचं, ते डॉक्टरांनाच.

दवाखान्यात मात्र तुला हक्क आहेत, ते नीट लक्षात ठेव. २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि कॉम्प्युटरमधल्या नोंदीही त्यात स्पष्ट धरल्या आहेत. तुझ्यावर उपचार करणारे इतर डॉक्टर, कायद्यानुसार तुझा प्रतिनिधी असलेली व्यक्ती, कोणाच्या जिवाला धोका, असे थोडे अपवाद आहेत. आपल्या उपचारांचे कागद पाहायला मागण्याचाही तुला हक्क आहे. आभा, म्हणजे सरकारी आरोग्य-ओळखीचं कार्ड काढायला सांगतील, तो चौदा आकडी नंबर असतो आणि तो काढणं ऐच्छिक आहे. तुझ्या संमतीशिवाय त्यातून नोंदी दुसरीकडे जाऊ नयेत, संमती मागेही घेता येते. पण आपल्याकडे काय होतं, शिबिरात कोणीतरी मोबाईल मागतं, ओटीपी विचारतं आणि आपण सांगून टाकतो. ती संमतीच असते गं. आधी विचार, "कशासाठी?"

तुझा नंबर म्हणून तिथे कोणाचा नंबर दिला आहेस? मला वाटतं दिराचा. मग तारखेचा मेसेज त्याच्या फोनवर पडणार आणि जेवताना सगळ्यांसमोर वाचला जाणार. माझा नंबर दे. सिस्टरला सांग, मेसेजमध्ये मानसोपचार वगैरे लिहू नका, नुसती तारीख लिहा. एवढं ऐकतील, विचारून तर बघ.

आणि एक गोष्ट दवाखान्यातल्या कॉम्प्युटरला कळणार नाही, ती तुलाच सांगावी लागेल. सोयाबीन सोंगणीला आलं की तुझी तारीख चुकते. पडद्यावर नुसतं "आली नाही" दिसतं. बरी झाली म्हणून आली नाही, की शेतात राबत होती, की गोळ्या सोडून दिल्या, हे त्याला काय ठाऊक? मागच्या दिवाळीच्या सुमारास तुला चक्कर यायची, चिडचिड व्हायची, ते गोळ्या अचानक थांबल्यामुळेही असू शकतं. म्हणून हंगामाच्या आधीच्या भेटीला सांग, "पुढचा महिनाभर येणं होणार नाही, तेवढ्या गोळ्या द्या, नाहीतर फोनवर विचारपूस करा." आणि ते नोंदवून घ्या म्हण. नवी गोळी लागू पडायला दोन ते चार आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ होऊ शकते. तेही तारखेसकट सांग. कोणती गोळी कधी सुरू झाली हे लिहिलेलं असलं, म्हणजे डॉक्टर बदलले तरी तुझी सगळी कहाणी पुन्हा रडत सांगायला नको.

पुढच्या भेटीला जाशील तेव्हा सिस्टरला म्हण, "मागची उत्तरं मी बरोबर दिली नव्हती, आज परत विचारा." कोणी रागावणार नाही. बेरीज १६ येवो नाहीतर २१, घाबरू नकोस, तिथूनच उपचार मोजायला सुरुवात होईल. मंगरूळपीरहून निघतानाच मला फोन कर, मी दवाखान्याच्या दारात येऊन थांबते. सासूबाईंना सांग, ताईकडे जाऊन येते. ते खरंच आहे.