कर्जफेडीच्या वहीत गडाच्या फेरीचाही खर्च लिहा

वणी आणि आसपासच्या गावांत पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. टोमॅटोचा येतो पावसाळा सरता सरता, द्राक्षाचा जानेवारी ते एप्रिल, कांद्याचा भाव असेल तसा. बागेत मजुरीला जाणाऱ्यांना ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून माल निघेपर्यंत हाताला काम असतं, पुढे खरड छाटणीचे थोडे दिवस, आणि जून-जुलै कोरडे. हप्ता मात्र ठरल्या तारखेला दारात उभा राहतो. आणि नेमका त्याच जूनमध्ये वह्या-पुस्तकांचा, बियाण्याचा, गळक्या पत्र्याचाही खर्च निघतो.

मग घरात काटकसर सुरू होते. पहिली कात्री लागते ती रविवारच्या भज्यांना, मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकाला, माहेरच्या फेरीला, देवीच्या गडावर जाण्याला. व्याजाला कात्री लागत नाही, कारण ते ताटात किंवा फडताळात दिसत नाही. वर्षभर असं कोरडं काढलेलं घर दिवाळीला किंवा पुतणीच्या लग्नात कंटाळून हात सैल सोडतं आणि नवं कर्ज काढतं. म्हणून माझं सांगणं असं की काटकसरीची सुरुवात व्याजापासून करा आणि घरातल्या छोट्या सुखांना वहीत हक्काची जागा द्या. दोन्हींचा हिशोब पुढे मांडला आहे.

रोजचे पन्नास रुपये

एक नमुना घर घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण बेत ओळखीचा आहे. ओळखीतल्या माणसाकडून ‘शेकडा पाच’नं घेतलेले ३०,००० रुपये. सोनं तारण ठेवून काढलेले ६०,०००, वर्षाला १२ टक्क्यांनी. मायक्रोफायनान्सच्या गटाचे ४०,००० बाकी, २४ टक्क्यांनी, दोन वर्षं दरमहा २,११५ रुपये. फ्रीजचे सहा हप्ते, प्रत्येकी २,०००. एकूण १,४२,०००.

यात सगळ्यात लहान दिसणारं कर्ज सगळ्यात महाग आहे. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. तीस हजारांवर महिना १,५०० रुपये, म्हणजे रोजचे पन्नास, आणि मुद्दल जागच्या जागी. ज्या घरात लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० येतात, तिथे ती सगळी रक्कम या एका व्याजात जाते. बाईच्या खात्यात आलेला पैसा बाईला दिसतही नाही.

म्हणून पहिलं काम हे कर्ज मोडायचं. घरातलं तारण ठेवलेलं सोनं वजनात बसत असेल तर त्याच सोन्यावर आणखी ३०,००० उचलून हे फेडा. त्या तीस हजारांचं व्याज महिना १,५०० वरून ३०० वर येतं. महिन्याला १,२०० वाचले, वर्षाला १४,४००. पैसे देताना दोन माणसांसमोर द्या, शक्यतो खात्यावरून द्या, आणि सही केलेला कोरा कागद किंवा चेक दिलेला असेल तर तो त्याच बैठकीत परत घ्या.

व्याजाने पैसे देणारा परवानाधारक आहे का, हेही विचारा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ मध्ये आला. त्याखाली सरकारनं ठरवलेले दर असे: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८. चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. अशा सावकारीत गेल्या पंधरा वर्षांत जमीन लिहून गेली असेल तर ती परत मिळण्यासाठी जिल्हा निबंधकांकडे अर्ज करता येतो. गावात राहून तक्रार करणं अवघड असतं, याची मला जाणीव आहे. तरी कायद्यातला दर माहीत असलेला माणूस निदान तडजोडीला तरी ताठ मानेनं बसतो.

गट कोणता, ते आधी पाहा

आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींना ‘गटाचं कर्ज’ म्हणतात. एक, बायकांनी स्वतः बचत करून चालवलेला बचत गट, बहुधा ‘उमेद’ अभियानाशी जोडलेला. त्याचं आपसातलं व्याज गटाच्याच पेटीत राहतं, आणि बँकेकडून अशा गटांना तीन लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी कर्ज मिळण्याची सोय आहे. दुसरा, कंपनीचा माणूस येऊन बांधतो तो गट. तिथे व्याज कंपनीला जातं आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांवर दबाव येतो. पहिल्या गटातून दुसऱ्याचं कर्ज फेडणं शक्य असेल तर ते जरूर करावं.

कंपनीच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत. एप्रिल २०२२ पासून घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. ही मर्यादा कर्ज देणाऱ्यासाठी आहे. मला विचाराल तर इथल्या घरानं तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊच नये, कारण जूनमध्ये उत्पन्न खरोखर निम्मं होतं. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन किंवा फेरी चालत नाही. शिवीगाळ, नातेवाइकांना त्रास, घरातली वस्तू उचलण्याची धमकी, यातलं काहीच चालत नाही. कर्जाचं कार्ड आपल्याला समजेल त्या भाषेत मिळालं पाहिजे. प्रत्येक हप्त्याची सही त्या कार्डावर त्याच वेळी घ्या, ‘पुढच्या वेळी दोन्ही करू’ हे ऐकू नका.

दर विचारताना एकच प्रश्न विचारा: फ्लॅट की घटत्या बाकीवर? ४०,००० वर फ्लॅट १२ टक्क्यांनी दोन वर्षांत ९,६०० व्याज आणि महिना साधारण २,०६७ चा हप्ता होतो. ऐकायला स्वस्त, पण आपण मुद्दल दरमहा परत करत असतो, त्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. ऑक्टोबर २०२४ पासून नव्या घरगुती कर्जांसोबत मुख्य माहितीपत्रक देणं बँका आणि वित्त कंपन्यांना बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. बाकी कागद नाही वाचले तरी ते पत्रक वाचा.

क्रेडिट कार्ड असेल तर थोडक्यात: २०,००० बाकीवर महिना साडेतीन टक्क्यांनी ७०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८२६. ‘किमान रक्कम’ म्हणून हजार भरलेत तर मुद्दल जेमतेम १७४ नं उतरतं. कार्ड आधी कपाटात बंद करा.

सोन्याची पावती

२०२५ मध्ये सोन्यानं तोळ्याला लाखाचा टप्पा ओलांडला, त्यामुळे त्याच पोतीवर आता जास्त कर्ज मिळतं. मोह इथेच होतो. शेकडा पाचचं मोडायला लागतं तेवढंच उचला.

पावतीवर तीन गोष्टी बोट ठेवून वाचा. एकूण वजन आणि निव्वळ वजन वेगळं लिहिलेलं असतं; मणी, लाख, खडे यांचं वजन वजा होतं, ते तुमच्यासमोर तोललं गेलं पाहिजे. दुसरं, मुदत. एकरकमी फेडीचं सोनेतारण बहुधा बारा महिन्यांचं असतं; ती तारीख माल निघण्याच्या दिवसांत येईल असं कर्ज काढा. फेब्रुवारीत घेतलं तर फेब्रुवारीतच फेड, हातात मालाची पट्टी असताना. जुलैत घेतलं तर जुलैत लिलावाची नोटीस. तिसरं, मधे थोडं थोडं मुद्दल भरता येतं का, हे लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार पूर्ण फेड झाल्यावर सोनं सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवं, उशीर त्यांच्याकडून झाला तर दिवसाला ५,००० भरपाई. एप्रिल २०२६ पर्यंत हे सगळ्यांनी लागू करायचं होतं.

शेती असणाऱ्यांनी एक जपावं. घरचा हप्ता भागवण्यासाठी सोसायटीचं पीककर्ज थकवू नका. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. फुकटचं कर्ज थकवून चोवीस टक्क्यांचं भरण्यात नुकसानच आहे. आणि कर्जमाफीची वाट पाहत असाल तर लक्षात घ्या, २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या योजना शेतीकर्जापुरत्या होत्या. गटाचा हप्ता, फ्रीजचा हप्ता, हातउसने त्यात नव्हते.

आनंदाची किंमत किती?

आता नमुना घराकडे परत. शेकडा पाच मोडून महिना १,२०० मोकळे झाले. ते सगळे गटाच्या कर्जात जादा भरले तर चोवीस महिन्यांचं कर्ज चौदा महिन्यांत संपतं. त्यातले ३०० बाजूला काढून ९०० च जादा भरले, तर सोळा महिन्यांत. दोन वाटांमधला व्याजाचा फरक सुमारे ७१५ रुपये. म्हणजे सोळा महिने दरमहा तीनशे रुपयांचा आनंद घेण्याचा जादा भार सातशे रुपये आणि दोन महिन्यांचा उशीर. ही किंमत मी डोळे मिटून मोजेन, आणि तुम्हीही मोजावी.

पुढचं चित्रही ठीक आहे. सहा महिन्यांनी फ्रीज सुटला की ते २,००० सोन्यावर लावा, सोळाव्या महिन्यानंतर गटाचा पूर्ण हप्ताही तिकडेच. सोन्यावरच्या व्याजासाठी दरमहा ९०० देणं चालूच ठेवलं, मधे मुद्दल भरण्याची सोय असली आणि दर तोच राहिला तर सगळं घर सुमारे अडीच वर्षांत मोकळं होतं. हंगामात पट्टी हातात आली त्या दिवशी एकरकमी भरलं तर त्याहून आधी.

तीनशे रुपयांत वणीत काय होतं? पुष्कळ होतं. गड कळवण तालुक्यात असला तरी लोक ‘वणीची देवी’च म्हणतात, आणि त्या नावाच्या गावात राहून कित्येक घरं वर्ष वर्ष गडावर जात नाहीत. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. घरात आजी, आई आणि लेक असतील तर खर्च बराच खाली येतो. भाकरी-ठेचा बांधून घ्या, फ्युनिक्युलर ट्रॉलीऐवजी पायऱ्या चढा, उतरताना समोरचा मार्कंडेय डोंगर निवांत पाहा. तिकिटं, नारळ आणि चहा धरून चौघांचं साधारण चारशेत होतं. एका महिन्याचे शंभर पुढे ढकलले की झालं. हे चारशे म्हणजे त्या शेकडा पाचचं आठ दिवसांचं व्याज. नवरात्रात आणि चैत्रात गर्दीमुळे वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात, साधा दिवस निवडा.

कोजागरीला दोन लिटर दूध, साखर, थोडी चारोळी, दोनशेच्या आत. शेजारचं घर निम्मं आणणार असेल तर शंभर. द्राक्षाच्या दिवसांत पॅकिंगनंतर उरलेले सुटे मणी ओळखीच्या बागेतून स्वस्तात मिळतात, ते वाळवून घरचा बेदाणा करायला मुलांना लावा. आठवडे बाजारातून परतताना मुलांना भेळ. जवळ वाचनालय असेल तर त्याची वर्गणी. एक अट पाळा: हे तीनशे कशावर जायचे ते दर महिन्याला घरातलं वेगळं माणूस ठरवील, आणि बाकीच्यांनी त्यावर ‘परवडतं का’ असं म्हणायचं नाही. ज्या बाईनं चार वर्षं स्वतःसाठी काही मागितलं नाही, तिला ठरवायला सांगितलं की ती आधी मुलांचं नाव घेते. तिला पुन्हा विचारा.

वही दोनशे पानी, साधी. एका बाजूला कर्जाची बाकी, दुसऱ्या बाजूला महिन्याची कमाई, खाली आनंदाचे तीनशे. जानेवारी ते एप्रिलमध्ये जादा भरायचं, पण त्याच काळात जूनसाठी दोन महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात ठेवायचे. ते ठेवल्याशिवाय जादा फेड करू नका, नाहीतर जुलैत पुन्हा शेकडा पाचच्या दारात जावं लागतं.

अडलं तर आणि फिटलं तर

बँक किंवा वित्त कंपनीबद्दल आधी त्यांच्याकडेच लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, माहितीसाठी क्रमांक १४४४८. पतसंस्थेची तक्रार मात्र तिथे चालत नाही, ती सहकार खात्याकडे. वकिलाचा सल्ला हवा असेल आणि पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००. महिलांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मोफत आहे.

कर्ज फिटलं की त्याच दिवशी बेबाकीचा दाखला मागा. बँकेकडे किंवा वित्त कंपनीकडे घराची-जमिनीची कागदपत्रं तारण असतील तर ती तीस दिवसांत परत मिळायला हवीत, त्यापुढे उशिराबद्दल दिवसाला ५,००० भरपाई. सातबारावर बोजा चढवला असेल तर तलाठ्याकडे दाखला देऊन तो उतरवून घ्या; हे काम अनेकजण विसरतात आणि पुढच्या पीककर्जाला अडतात. सिबिलसारख्या चारही पत-माहिती कंपन्या वर्षातून एकदा आपला अहवाल मोफत देतात. फेडीनंतर दोन महिन्यांनी तो काढा आणि फिटलेलं कर्ज ‘बंद’ दिसतं का ते बघा. अजून चालू दिसत असेल तर दाखल्याची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज करा.