नकाशा पुसू नकोस

चि. अनघास,

‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’चं पुस्तक समोर ठेवून तू स्वतःची प्रणाली उभी केलीस, याचा फार अभिमान वाटला. पण कर्नल लहान करायला तू कॉलसिम्सचा पर्याय बंद केलास आणि ‘बूट’ डिरेक्टरीतली सिस्टिम मॅप फाइलही उडवलीस, हे वाचून लगेच लिहायला बसलो.

मशीन तिच्याशिवाय चालू होतं, खरं आहे. कर्नलला पत्ते पुरतात. नावं लागतात ती आपल्याला. कर्नल बिल्ड होताना ‘एनएम’ त्यातल्या फंक्शनांचे आणि डेटाचे पत्ते नावांसह काढतं, तोच हा नकाशा. कर्नल 2.4 च्या काळात ऊप्समधले, म्हणजे कर्नलच्या त्रुटीसंदेशातले, पत्ते उलगडायला केसिमऊप्स आणि क्लॉगडी ही साधनं याच फाइलवर विसंबायची. पुढे कॉलसिम्समुळे नावं कर्नलच्या पोटातच आली. तू तीच काढलीस, म्हणजे तुझ्याकडे आता फक्त आकडे छापले जाणार.

पुन्हा बिल्ड करशील तेव्हा नकाशा जपून ठेव, पण त्याच कर्नलचा. कॉन्फिगमधला एखादा पर्याय बदलला तरी पत्ते सरकतात, आवृत्तीचा क्रमांक मात्र तोच राहतो. चुकीचा नकाशा नसलेल्या नकाशापेक्षा वाईट. तो गप्प बसत नाही, कुठलं तरी नाव देतोच, आणि आपण निर्दोष ड्रायव्हर उसवत बसतो. म्हणून प्रत्येक बिल्डला लोकलव्हर्जनमध्ये वेगळं शेपूट लाव. इमेज, नकाशा, कॉन्फिग या तिन्ही फाइलींना तेच नाव दे. पत्ते यादृच्छिक ठेवणारं केएएसएलआर चालू असेल, तर पॅनिकमध्ये छापलेला कर्नल ऑफसेट आधी वजा कर.

आता लॉग. सिसलॉगच्या कॉन्फिगमध्ये ‘कर्न’च्या ओळीत फाइलच्या वाटेआधी एक उणे चिन्ह आहे. प्रत्येक नोंद ताबडतोब डिस्कवर उतरवू नको, असा त्याचा अर्थ. मेलच्या नोंदींना ते चालेल. कर्नलच्या ओळीतून मात्र काढ. मशीन अचानक बंद पडलं तर शेवटच्याच ओळी हरवतात, आणि आपल्याला हव्या असतात त्याच. पूर्ण पॅनिकमध्ये तेवढ्यानंही भागत नाही, कारण डिस्कवर लिहून घेणारा सिसलॉगच तेव्हा थांबलेला असतो. त्यासाठी सिरियल कन्सोल लाव, किंवा नेटकन्सोलनं संदेश दुसऱ्या मशीनवर पाठव. तुझा जुना लॅपटॉप त्याला पुरेल.

पुढचा ऊप्स आला की मला स्क्रीनचा फोटो नको, पहिल्या ओळीपासूनचा सगळा मजकूर पाठव. सोबत ‘यूनेम’चं उत्तर आणि त्या बिल्डचा नकाशाही. आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
काका